शब्दचर्चा: ‘सुपरव्हिजन’ला पर्यवेक्षण म्हणायचं का?

गुडघेदुरुस्ती (कोथरूड):
मी फिजिओथेरपिस्ट. आमच्या विभागात नव्या मुलामुलींसाठी क्लिनिकल सुपरव्हिजन सुरू करतोय, त्याचं एक पानी मराठी टिपण करायला घेतलं. पहिल्या ओळीत ‘चिकित्सालयीन पर्यवेक्षण’ लिहिलं, तर शेजारची ज्युनियर म्हणाली, ‘‘मॅडम, आमची कॉपी पकडणार का?’’ प्रत्यक्षात असतं असं: दर पंधरा दिवसांनी तासभर दार लावून दोघींनी बसायचं. पेशंट समोर नसतो. कुठे अडलं, काय चुकलं, कशाची धास्ती वाटली ते बोलायचं. शब्द सुचवा.

सदाशिवपेठी:
आधी ‘चिकित्सालयीन’ खोडा. ते वाचून गुरांचा दवाखाना आठवतो.
पर्यवेक्षण या शब्दाचा मात्र काही दोष नाही. परि + अव + ईक्ष्. संस्कृतात अवेक्षा म्हणजे लक्ष, काळजी. उपेक्षाही त्याच धातूची, म्हणजे ही सख्खी भावंडं. मूळ लॅटिन शब्द तर नुसता ‘वरून पाहणे’ एवढाच, त्यापेक्षा आपला बरा. पण मराठी माणसाला पर्यवेक्षक पहिल्यांदा भेटतो तो दहावीच्या परीक्षेत, बाकांमधून फेऱ्या मारताना. शाळेत ते पद आहे, अंगणवाड्यांवर पर्यवेक्षिका असतात. सगळीकडे वह्या तपासणारी व्यक्ती. व्युत्पत्ती काही म्हणो, कानाला तपासणीच ऐकू येते.

नेमकेपणा:
टिपणात फिजिओथेरपीवाल्यांना ‘अलाइड हेल्थ’ म्हणजे सहबद्ध आरोग्य कर्मचारी असं लिहिणार असाल तर जपून. २०२१च्या केंद्रीय कायद्यात दोन गट आहेत. किमान २००० तासांची पदविका किंवा पदवी असेल तर सहबद्ध, किमान ३६०० तासांची पदवी असेल तर आरोग्यसेवा व्यावसायिक. उगाच कोणाला खालच्या पायरीवर बसवू नका.

बोबडकांदा:
मी स्पीच थेरपीतली. ‘देखरेख’ नको, तिच्या शेपटीला ‘खाली’ चिकटलेलं असतं. ‘मार्गदर्शन’ तर अजिबात नको. ज्याच्या हाती माईक येतो तो आपल्याकडे मार्गदर्शन करतो आणि समोरचे माना डोलावतात.

शुक्रवारातला:
तालीम म्हणा की! वस्ताद डाव शिकवतो, चुकला की पुन्हा करून घेतो.

गुडघेदुरुस्ती:
तालीम आवडला, पण पुरत नाही. गेल्या महिन्यातलं सांगते. अर्धांगवायूचे एक आजोबा, डावी बाजू गेलेली. खाटेवरून खुर्चीत घेताना त्यांच्या मुलाने तो लुळा हात धरून ओढला. स्नायूंत जोर नसला की खांद्याचा सांधा अशा ओढीने निखळू शकतो. संध्याकाळी आजोबांचा खांदा ठणकायला लागला. ज्युनियर माझ्यासमोर बसून वीस मिनिटं पेशंटला धरून उठवायच्या कंबरेच्या पट्ट्याबद्दलच बोलत राहिली. मी एवढंच विचारलं, ‘‘तू कुठे उभी होतीस?’’ म्हणाली, ‘‘उजवीकडे.’’ दुबळ्या बाजूला उभं राहायचं हे तिला पाठ होतं. पण तिथे तो मुलगा ठाण मांडून होता, वयाने आणि अंगाने थोराड, आणि ‘काका, बाजूला व्हा’ म्हणायला हिची जीभ रेटली नाही. डाव तिला येत होता हो. मग आम्ही ते वाक्यच चार-पाचदा म्हणून पाहिलं: ‘काका, हात सोडा, पट्टा धरा.’ तिसऱ्या वेळी आवाज चढला. त्यानंतर थोडी रडली.

बोबडकांदा:
म्हणूनच ब्रिटिश समुपदेशक ब्रिजिड प्रॉक्टर यांनी ऐंशीच्या दशकात या कामाचे तीन भाग पाडले. ढोबळ मराठीत शिस्त, शिकवण आणि सावरणं. तालमीत पहिले दोन येतात. तिसरं म्हटलं तर वस्ताद हसेल.

शुक्रवारातला:
वस्तादही सावरतो, फक्त शिव्या देऊन.

सदाशिवपेठी:
एक विचारू? रजा मंजूर करणारी आणि वार्षिक शेरा लिहिणारी व्यक्तीही तुम्हीच का? तसं असेल तर शब्द कोणताही घ्या, ती पोरगी उजवीकडे उभी होती हे सांगणार नाही.

गुडघेदुरुस्ती:
नाही, शेरा आमच्या विभागप्रमुख लिहितात. ते आम्ही आधीच वेगळं केलंय, आणि कोणाकडे बसायचं हेही शक्य तोवर ज्युनियरनेच निवडायचं. पेशंटला इजा व्हायची वेळ असेल तर मात्र गोष्ट त्या खोलीत राहणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवते.

सदाशिवपेठी:
मग ‘पर्यवेक्षण’ विभागप्रमुखांना देऊन टाका, त्यांना शोभतो. तुमच्यासाठी ‘सहावलोकन’. दोघांनी मिळून मागे वळून पाहणं.

नेमकेपणा:
टंकताना चूक झाली आहे. सिंहावलोकन.

सदाशिवपेठी:
चूक नाही. सिंह मुद्दाम काढलाय.

गुडघेदुरुस्ती:
सहावलोकन टिपणात गेला. सिंह नसलेला बरा. आज ज्युनियरची डायरी टेबलावर उघडी पडली होती, त्यात पुढच्या गुरुवारी तिने लिहिलंय: ‘४ वा. मॅडमकडे बसणे’.