‘संशयाचा फायदा’ म्हणजे नेमकं काय? निर्दोष, दोषमुक्त, फितूर या शब्दांबद्दल

चर्चाप्रस्ताव

एका खटल्याचा निकाल नुकताच लागला. सगळे आरोपी सुटले. प्रकरणाचा तपशील मुद्दाम देत नाही, मुलीच्या घरच्यांना आणखी मनस्ताप नको. आम्ही काही जणी निवेदन लिहायला बसलो आहोत. मसुद्याचं पहिलं वाक्य असं आहे: ‘मा. न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन आरोपींची निर्दोष मुक्तता केली, याचा आम्ही तीव्र निषेध करतो.’

या वाक्याशी आमची गाडी अडली आहे. संशयाचा फायदा दिला म्हणजे संशय उरला ना? मग ‘निर्दोष’ कसे? त्यातून बातम्यांत कुठे ‘निर्दोष मुक्तता’, कुठे ‘दोषमुक्त’, तर कुठे ‘सबळ पुराव्याअभावी सुटका’. या तिन्हींचा अर्थ एकच आहे की वेगवेगळा? संताप खरा आहे, पण तो चुकीच्या शब्दांत मांडला तर निवेदन फाइलीत जाऊन पडेल, म्हणून विचारते.

प्रतिसाद

मी फौजदारी वकिली करते. आधी सोपं ते सांगते.

बातम्यांत ‘दोषमुक्त’ हा शब्द बहुतेक वेळा खटला सुरू होण्याआधीच आरोपीला वगळलं जातं त्यासाठी येतो. आरोप ठेवण्यापुरताही आधार कागदपत्रांत नाही असं न्यायाधीशांना वाटलं की तिथेच सोडतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्यात, सत्र खटल्यांसाठी हे कलम २५० मध्ये आहे. साक्षीपुरावे होऊन, युक्तिवाद होऊन जो सुटतो, त्याची ‘निर्दोष मुक्तता’ होते. तुमच्या प्रकरणात पूर्ण खटला चालला, तेव्हा ‘दोषमुक्त’ लिहू नका. काही जण दोन्ही शब्द सरसकट वापरतात, त्यामुळे हा घोळ होतो. ‘क्लीन चिट’ तर निकालासाठी वापरूच नये, तो तपास यंत्रणेच्या संदर्भातला बोलीतला शब्द आहे.

आता ‘निर्दोष’बद्दल. निकालपत्र मिळवा आणि त्यातला मुद्दे व निष्कर्षांचा तक्ता वाचा. डावीकडे प्रश्न असतो: ‘आरोपीने अमुक तारखेस अमुक ठिकाणी अमुक अपराध केला, हे सरकार पक्षाने शाबीत केले आहे काय?’ उजवीकडे एकच शब्द: ‘नकारार्थी’. ‘आरोपी निष्पाप आहे काय?’ हा प्रश्न त्या तक्त्यात कुठेही नसतो. आदेशात मात्र ‘निर्दोष मुक्त करण्यात येते’ असं येतं, आणि लोक तेवढंच वाचतात.

प्रतिसाद

‘संशया’बद्दल थोडं. मराठीत या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, मनातली शंका, खात्री नसणं. दुसरा, एखाद्यावरचा वहीम. ‘संशयित आरोपी’, ‘त्याच्यावर माझा संशय आहे’ यांत दुसरा अर्थ आहे. ‘संशयाचा फायदा’मध्ये पहिला अपेक्षित आहे: सरकार पक्षाच्या पुराव्याबद्दल न्यायाधीशांच्या मनात रास्त शंका राहिली. पण आपल्या कानावर दुसराच अर्थ पडतो, की याच्यावर वहीम होता, तो तसाच राहिला आणि वर त्याला फायदाही मिळाला. लोक चिडतील नाही तर काय? ‘पुराव्याविषयी रास्त शंका राहिल्याने’ असं म्हटलं की शंका कशाबद्दल होती ते वाक्यातच येतं, आणि पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: पुरावा इतका कच्चा ठेवला कोणी?

‘फायदा’ हा शब्दही मला खटकतो. तो नफ्या-तोट्याच्या हिशेबातला आहे.

प्रतिसाद

मला एक सांगा, ही शब्दांची डागडुजी करून त्या आईबापांना काय मिळणार? सात-आठ वर्षं तारखा करायच्या आणि शेवटी ‘नकारार्थी’. लोक ‘मोकाट सुटले’ म्हणतात, ‘तोंडाला पानं पुसली’ म्हणतात, ते त्यांना जे वाटतं त्याचेच शब्द आहेत. ते तरी काढून घेऊ नका.

प्रतिसाद

काढून कोणीच घेत नाही आहे. बोलताना ‘मोकाट’ म्हणाच. पण नेमक्या शब्दाने संताप थंड होतो हे मला पटत नाही. आपल्याच राज्यातलं देसाईगंजचं प्रकरण पाहा. १९७२ साली पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती, असा त्या निकालाचा रोख होता.

त्यावर सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातला एक कळीचा मुद्दा शब्दाचाच होता. संमती देणं वेगळं आणि मुकाट्याने सोसणं वेगळं. संमतीत वश होणं असू शकतं, पण वश झालेल्या प्रत्येकाने संमती दिलेली नसते. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात खाकी वर्दीपुढे उभी असलेली ती मुलगी गप्प राहिली, तर त्या गप्प राहण्याला काय नाव द्यायचं, एवढाच तो प्रश्न. देशभर मोर्चे निघाले, स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या. निकाल बदलला नाही, कायदा बदलला. १९८३ साली पुराव्याच्या कायद्यात ११४-अ कलम आलं. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध शाबीत झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असं पीडितेने न्यायालयात सांगितलं, की संमती नव्हती असंच गृहीत धरायचं.

म्हणून मी शब्दाला डागडुजी म्हणणार नाही. त्या चौघांच्या पत्रात संताप कमी नव्हता. कुठे बोट ठेवायचं ते त्यांना माहीत होतं.

प्रतिसाद

‘फितूर’ राहिलाच की. ‘साक्षीदार फितूर झाल्याने आरोपी सुटले’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक बातमीत असतं. फितुरी म्हणजे शत्रूला आतून जाऊन मिळणं, किल्ल्याचा दरवाजा उघडून देणं. हा शब्द वाचला की साक्षीदार विकला गेला असंच वाटतं. सगळे विकले जातात का?

प्रतिसाद

(वरचीच वकील.) नाही. या शब्दावर मला मनापासून बोलायचं आहे.

भारतीय पुरावा कायद्यात ‘फितूर’ असा शब्दच नव्हता. तरतूद इतकीच होती, आणि नव्या कायद्यातही तीच आहे, की ज्या पक्षाने साक्षीदार बोलावला त्यालाच न्यायालयाच्या परवानगीने आपल्या साक्षीदाराला उलटतपासासारखे प्रश्न विचारता येतात. प्रत्यक्षात काय होतं? पंच, म्हणजे जप्तीच्या वेळी हजर राहून पंचनाम्यावर सही करणारा साक्षीदार, पिंजऱ्यात येतो. ‘पंचनाम्यावरील सही माझी आहे. मजकूर माहीत नाही. माझ्यासमोर काही जप्त झाले नाही.’ सरकारी वकील परवानगी मागतात, मिळते, आणि मग त्याचे एकामागून एक नकार नोंदवले जातात: ‘हे म्हणणे खरे नाही की, आरोपीच्या दबावामुळे मी खोटे सांगत आहे.’ पाच-दहा मिनिटांत संपतं.

आता हा पंच खोटं बोलत असेल. पण पोलिसांनी त्याला खरोखरच ठाण्यात बसवून कागदावर सही घेतली असेल, हेही शक्य आहे. किंवा आरोपी त्याच्याच गल्लीत राहतो आणि गेली काही वर्षं जामिनावर बाहेर आहे. तिन्ही माणसांना आपण ‘फितूर’ म्हणतो. पहिल्यावर खोट्या साक्षीची कारवाई व्हायला हवी. दुसऱ्या प्रकारात जाब तपास अधिकाऱ्याला विचारायला हवा. तिसऱ्याला संरक्षण हवं होतं. महाराष्ट्रात साक्षीदार संरक्षणाचा कायदा २०१७ चा आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली संरक्षणाची योजना देशभर लागू केली. तुमच्या प्रकरणात कोणी संरक्षणासाठी अर्ज केला होता का, ते बघा. बातमीत ‘फितूर’ लिहिलं की हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

‘साक्षीदार उलटला’ हा शब्द बरा. काय घडलं ते सांगतो, का घडलं याचा निवाडा करत नाही. आणि साक्षीदार उलटला म्हणून त्याची सगळी साक्ष पुसली जात नाही. तिच्यातला विश्वासार्ह भाग न्यायालय वापरू शकतं.

दिल्लीतल्या जेसिका लाल खून खटल्यात महत्त्वाचे साक्षीदार उलटले, फेब्रुवारी २००६ मध्ये नऊही आरोपी सुटले, लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अपिलात मुख्य आरोपीला दोषी ठरवलं आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. तेव्हा ‘सुटले, संपलं’ असं समजू नका.

प्रतिसाद

एक भर. गर्दीचा कौल नेहमी शिक्षेच्याच बाजूचा असतो असंही नाही. १९५९ च्या नानावटी खटल्यात (पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकाऱ्याचा खटला) ज्यूरीने, म्हणजे निवाड्यासाठी निवडलेल्या सामान्य नागरिकांनी, आठ विरुद्ध एक मतांनी ‘दोषी नाही’ म्हटलं तेव्हा मुंबईत अनेकांना आनंद झाला होता. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. म्हणून निवेदनात ‘जनभावनेचा आदर करून’ असं कृपया लिहू नका. पुराव्याबद्दल लिहा.

प्रतिसाद (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. नवा मसुदा असा केला आहे:

‘सरकार पक्ष गुन्हा शाबीत करू शकला नाही, या कारणाने सर्व आरोपींची मुक्तता झाली. तपासातील व साक्षीदारांच्या संरक्षणातील त्रुटींची चौकशी करावी, जबाबदारी निश्चित करावी, आणि या निकालाविरुद्ध शासनाने मा. उच्च न्यायालयात अपील दाखल करावे.’

‘निषेध’ गाळला आहे. मुलीच्या आईला वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘यात निदान कोणाला काय विचारायचं ते तरी आहे.’ एकच अडचण, ‘मुक्तता’ला ‘निर्दोष’ जोडला नाही तर चालेल ना?

प्रतिसाद

(वकील.) चालेल. निवेदनात आदेशातला शब्द जसाच्या तसा असलाच पाहिजे असं नाही. कलम घालायचं असेल तर शासनाच्या अपिलासाठी ४१९ लिहा, आणि निवेदनाची एक प्रत विधी व न्याय विभागाला द्या.

शिवाय सरकारवरच विसंबून राहू नका. २००९ च्या अखेरीपासून पीडित व्यक्तीला निर्दोष मुक्ततेविरुद्ध स्वतः अपील करता येतं, नव्या संहितेत ते कलम ४१३ मध्ये आहे. शासनाच्या अपिलाची मुदत ९० दिवस. घरच्यांचं अपीलही तेवढ्यातच जाईल असं बघा. निकालाच्या प्रमाणित नकलेचा अर्ज अजून दिला नसेल तर उद्याच द्या. नक्कल तयार व्हायला लागणारा काळ मुदतीतून वगळतात, पण अर्ज देण्याआधी गेलेले दिवस परत मिळत नाहीत.