दोन वर्षांच्या मुलाची कार सीट पुढे तोंड करून बसवावी का?

गोदाकाठ (प्रश्न)
नमस्कार. आम्ही इंदिरानगरला राहतो आणि महिन्यातून एकदा तरी कसारा घाट उतरून ठाण्याला माझ्या माहेरी जातो. मुलगा नुकताच २ वर्षांचा झाला असून त्याचे वजन ११ किलो आहे. आजवर तो मागे तोंड करून बसवलेल्या कार सीटमध्येच प्रवास करत आला; मात्र आता त्याचे पाय गाडीच्या सीटच्या पाठीला टेकतात, आणि ते पाहून सासूबाईंचा जीव कासावीस होतो. आमची सीट दोन्ही दिशांना बसते. माहितीपुस्तिकेत मागे तोंड करून १३ किलोपर्यंत आणि पुढे तोंड करून ९ ते १८ किलो, अशी मर्यादा दिली आहे. सीट आता फिरवावी का? फिरवल्यास कोणती काळजी घ्यावी?

पाथर्डीफाटा
माझ्या मते अजून फिरवू नका. या वयात डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असते आणि मानेचे स्नायुबंध कच्चे असतात. समोरून धडक बसली, तर पुढे तोंड असलेल्या मुलाचे धड पट्टे धरून ठेवतात, पण डोके जोराने पुढे फेकले जाऊन सारा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल, तर तोच जोर सीटच्या पाठीवर पसरतो आणि डोके, मान व पाठ एकत्र सावरली जातात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही २०१८ पासून वयाचा आकडा न सांगता, सीटची वजनाची किंवा उंचीची मर्यादा संपेपर्यंत मुलाला मागे तोंड करूनच बसवावे, असे सांगते. पाय दुमडले म्हणजे मर्यादा संपली असे नव्हे. मुले मांडी घालून मजेत बसतात, हे सासूबाईंना जरूर सांगा.

निफाडची_आई
वरील उत्तराशी मी सहमत आहे, तरीही पुढची तयारी म्हणून माझी चूक सांगते. मुलीची सीट फिरवल्यावर आम्ही आयसोफिक्सच्या (सीटबेल्टशिवाय कार सीट थेट गाडीला अडकवण्याची सोय) दोन खालच्या कड्या बसवल्या आणि काम झाले असे समजलो. सीटच्या माथ्यावरून मागे जाणारा टॉप टेदरचा पट्टा कित्येक महिने तसाच लोंबत होता. ज्या सीटला हा पट्टा दिलेला असतो, तिचा माथा धडकेच्या वेळी पुढे झुकू नये म्हणून तो ताणून अडकवावाच लागतो, नाहीतर मुलाचे डोके पुढच्या सीटवर आदळू शकते. डिकीतील सामान बांधायच्या हुकाला मात्र तो अडकवू नका. टेदरची खरी जागा गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेली असते.

खांद्यावरचे पट्टे मागे तोंड असताना खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खाली असतात, पुढे तोंड असताना ते खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वर घ्यावे लागतात. खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून पाहावा. चिमटीत घडी आली तर तो सैल आहे. आमच्याकडे थंडीत जाड स्वेटर घालूनच मुले गाडीत बसवली जातात, पण धडकेच्या वेळी तो स्वेटर दबतो आणि पट्टा ढिला पडतो. स्वेटर काढून आधी पट्टे आवळावेत आणि मग वरून शाल पांघरावी.

गोदाकाठ
मनापासून आभार. सासऱ्यांच्या जुन्या गाडीला आयसोफिक्स नाही. तिथे काय करावे?

पाथर्डीफाटा
पुस्तिकेत परवानगी असेल, तर गाडीच्या सीटबेल्टने बसवता येते. बेल्ट ओवण्याचा मार्ग दोन्ही दिशांसाठी वेगळा असतो. बऱ्याच सीटवर मागे तोंड करण्याचा मार्ग निळ्या आणि पुढे तोंड करण्याचा लाल खुणांनी दाखवलेला असतो. सीटवर गुडघा दाबून बेल्ट ओढावा आणि मग बेल्ट जातो तिथेच धरून सीट हलवून पाहावी, ती २.५ सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. समोर एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंड असलेली कार सीट कधीही ठेवू नका.

गोदाकाठ
वजन १३ किलोला पोहोचेपर्यंत किंवा डोके सीटच्या माथ्याशी येईपर्यंत सीट आहे तशीच ठेवतो. टेदरची जागा आजच डिकीतला गालिचा उचलून शोधून ठेवते.