आईबाप काळे, तरी पिल्लांवर ठिपके कसे?

प्रश्न (खानापूर तालुका)
नमस्कार. आमच्याकडे गावठी काळी डुकरे पूर्वीपासून आहेत. वजन वाढावे म्हणून एका काळ्या मादीला पांढरा यॉर्कशायर नर दिला, तेव्हा सगळी पिल्ले पांढरी झाली. त्यांतील एका मादीला पुन्हा गावठी काळा नर दिल्यावर काही पिल्ले पांढरी, काही काळी निघाली. त्यांतलीच एक काळी जोडी मी पैदाशीसाठी ठेवली. आता या जोडीच्या वेतात बहुतेक पिल्ले काळी असली, तरी दोन पिल्लांचे अंग फिकट असून त्यावर नाण्याएवढे काळे ठिपके आहेत. मादी माजावर असताना मोकाट पांढरा नर येऊन गेला असावा, असे शेजारी म्हणतात. ते खरे असेल काय, आणि या पिल्लांची पैदास करावी काय?

प्रतिसाद १ (बेळगाव)
शेजाऱ्यांचा तर्क मला पटत नाही. यॉर्कशायरचा पांढरेपणा आठव्या गुणसूत्रावरील किट या जनुकामुळे येतो. त्याच्या बदललेल्या रूपामुळे रंगपेशी कातडीत टिकत नाहीत, म्हणून केस व कातडी पांढरी राहते, डोळे मात्र काळेच असतात. हा गुण प्रभावी असल्याने एकच प्रत पुरते आणि म्हणूनच आपली पहिली पिल्ले सरसकट पांढरी झाली. परंतु त्या पांढऱ्या अंगाखाली रंगाचे दुसरे जनुक झाकलेले असते. एमसीवनआर नावाच्या या जनुकाचे ठिपक्यांचे रूप यॉर्कशायरमध्ये बरेचदा आढळते. त्यात डीएनएच्या सांकेतिक लिपीतील दोन जादा अक्षरे घुसल्यामुळे काळा रंग बनत नाही. मात्र पिल्लाची वाढ होताना एखाद्या पेशीतून ती अक्षरे आपोआप गळून पडतात, जनुक पुन्हा चालू होते आणि त्या पेशीपासून वाढलेला भाग काळा होतो. तोच आपल्याला दिसणारा ठिपका. गावठी काळ्या रंगापुढे हे रूप दबून राहते, पण आईबाप दोघांकडेही ते असेल, तर सरासरी चारांत एक पिल्लू ठिपक्यांचे निघते. आपली जोडी एकाच वेतातली, म्हणजे सख्खी भावंडे आहेत. दोघांना ते एकाच आजोबाकडून मिळाले असणे अगदी शक्य आहे.

प्रतिसाद २ (निपाणी)
वरील खुलासा योग्य आहे, फक्त एक पुस्ती जोडतो. एकाच माजात दोन नर लागले, तर एका वेतात दोन बापांची पिल्ले असू शकतात, त्यामुळे मोकाट नराची शंका केवळ तर्काने पूर्ण फिटत नाही. मात्र शुद्ध यॉर्कशायर नराची पिल्ले पांढरीच होतात. क्वचित कातडीवर निळसर डाग दिसतो, पण असे ठसठशीत काळे ठिपके येत नाहीत. खात्रीच करायची असेल, तर मुळासकट उपटलेल्या केसांवरूनही जनुकांची तपासणी होते.

प्रतिसाद ३ (चिकोडी)
माझ्या मते खरी चिंता ठिपक्यांची नसून भावाबहिणीच्या जोडीची आहे. अशा पैदाशीत वेत लहान होते आणि पिल्लांची मरतूक वाढते. नर ताबडतोब बदलावा आणि तो संकराचा वारा न लागलेल्या कळपातून आणावा. ठिपक्यांची पिल्ले मांसासाठी खुशाल वाढवावीत. केवळ काळी पिल्ले निवडल्याने कळप पुन्हा गावठी होईल, अशी समजूत मात्र नसावी, कारण आपल्या काळ्या जोडीतही सुमारे पाव हिस्सा यॉर्कशायरचा आहेच. आपल्या शेजारच्या गोव्यातील आगोंदा गोवन या जातीची कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने नोंद केली आहे. अशा नोंदीत रंगाखेरीज तोंडाची ठेवण, कान, पाठीची रेषा आणि वेताचा आकारही पाहिला जातो. आपण निवड करताना हीच लक्षणे टिपून ठेवावीत.