एजंटकडून ऑनलाइन एमबीए?
ताई, मुलीला इंदूरच्या भंवरकुआंवरचा एजंट 'आमच्या सेंटरमधून ॲडमिशन घ्या' म्हणतोय ना, तिथेच थांबा. ऑनलाइन पदवीला फ्रँचायझी चालत नाही. अर्ज आणि फी थेट विद्यापीठाच्या पोर्टलवर. त्याआधी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) डिस्टन्स एज्युकेशन ब्यूरोची (डीईबी) यादी बघा. नुसतं विद्यापीठाचं नाव दिसून भागत नाही: तोच कोर्स, तेच सत्र आणि 'ऑनलाइन' हाच प्रकार हवा. दूरस्थ शिक्षणाची मान्यता ऑनलाइनला लागू होत नाही, लोक नेमके इथेच फसतात. मग एबीसी आयडी (ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे क्रेडिट्सच्या खात्याचा नंबर) काढा, त्यावरून डीईबी आयडी (2024 पासून सक्तीचा). आधार आणि मार्कशीटवरचं नाव जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करा. परीक्षा घरून की केंद्रावर, हे विद्यापीठाला ईमेलनेच विचारा. आणि हो, ऑनलाइन नर्सिंग किंवा एलएलबी विकणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्यावा.