मदत हवी आहे: नवं छोटं सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारं) पिस्तूल १० मीटरच्या सरावाला चालेल का? (नागपूर)

प्रश्न
नुकतंच जाहीर झालेलं एक स्वस्त, आखूड एअर पिस्तूल पाहतोय. माहितीपत्रकाप्रमाणे: ४.५ मिमी स्टीलचे बीबी (गोल छर्रे), गुळगुळीत नळी, १२ ग्रॅमचं सीओटू सिलिंडर, ब्लोबॅक (दर वेळी झाडताना गॅसने वरचा भाग मागे सरकतो), वेग सेकंदाला १२० मीटर, नेम धरायच्या पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर १४० मिमी. मुलीला १० मीटर एअर पिस्तूल शिकायचं आहे. लायसन्स लागेल का? आपल्या उन्हाळ्यात टिकेल का?

उत्तर १
लायसन्सचं टेन्शन नाही भाऊ. २०१६ च्या शस्त्र नियमांत ४.५ मिमीपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअरगनला सूट आहे. इथे ०.३४ ग्रॅमचा बीबी १२० च्या वेगाने म्हणजे जेमतेम अडीच ज्यूल. बिल जपा, आणि नेताना पेटीतच न्या. दिसायला ते खरंच पिस्तूल आहे.

शिकायला मात्र नको. साइट अर्धा मिमी हलली तर १४० मिमीच्या अंतरावर १० मीटरला छर्रा ३६ मिमी भरकटतो. ३०० मिमीवर तीच चूक १७ मिमीची. निशाण्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिमी आणि नऊचं २७.५ मिमी आहे, हे धरा. त्यात नळीला आटे (छर्ऱ्याला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) नाहीत, म्हणजे चूक हाताची की पिस्तुलाची हेच पोरीला कळणार नाही.

उत्तर २
उन्हाळ्याचं सांगतो. सीओटूचा दाब तापमानावर चालतो: २० अंशांना साधारण ५७ बार. ३१ अंशांच्या वर आत द्रव उरतच नाही आणि दाब झपाट्याने चढतो. मग गॅस सोडणारा व्हॉल्व्ह हॅमरच्या ठोक्याने नीट उघडत नाही. खटका वाजतो, छर्रा निघत नाही किंवा रडतखडत निघतो. नवतप्यात गाडीत सिलिंडर ठेवणं तर सरळ धोक्याचं, कारण ५० अंशांची मर्यादा बंद गाडी सहज ओलांडते. उलट भराभर झाडलं की गॅस थंड पडून छर्रे खाली लागतात. ब्लोबॅकमध्ये हे लवकर होतं, गॅसही जास्त जातो.

घेतलंच तर नव्या सिलिंडरच्या तोंडावर सिलिकॉन तेलाचा एक थेंब टाका. सिलिंडर आवळायचा स्क्रू फुस्स आवाज थांबेपर्यंतच फिरवा; जास्त आवळला की सील चिरतं. कूलरच्या खोलीत ठेवू नका, ओलाव्याने बीबी गंजतात आणि नळी खरवडतात. बीबी कडक फळीवरून उलटून येतो, म्हणून मागे जाड सैल कापड टांगा आणि डोळ्यांना चष्मा लावा.

प्रश्नकर्ता
मग काय बघू?

उत्तर १
आटे असलेली नळी, फिरवता येणारी मागची साइट, एका दाबाने हवा भरणारं पिस्तूल. जुनं मिळालं तरी चालेल, फक्त भरून पाच मिनिटं ठेवा आणि मग झाडून बघा. आवाज मवाळ आला तर सील गेलंय. छर्रे सपाट तोंडाचे घ्या, कागदाला स्वच्छ भोक पडतं. स्प्रिंगचं घेतलं तर छर्रा न घालता मोकळं झाडू नका, पिस्टन आपटून सील फुटतं. स्पर्धेत ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम वजन लागतं, तेही तपासून घ्या.

उत्तर २
आणि शिशाचे छर्रे हाताळल्यावर तिला साबणाने हात धुवायला लावा, नाश्त्याआधी तर नक्कीच.