चेंगदू: हुईग्वोरौ आठवड्यातून तीनदा चालेल का?

चेंगदूकर_सई:
नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा महिने चीनमधल्या चेंगदूत आहोत. बिल्डिंगखालच्या खानावळीतलं हुईग्वोरौ आम्हा दोघांना फार आवडतं. पोर्क आधी अख्खं उकडतात, मग पातळ काप करून लसणाच्या पातीबरोबर कढईत परततात. काप आचेवर वळून पणतीसारखे होतात. इथले लोकही त्याला दिव्याच्या वाटीचाच आकार म्हणतात. पण ह्यांना बीपी आहे. रोजच्यासाठी दुसरं काही सुचवाल का?

रानजाई:
सई, मी आहारतज्ज्ञ आहे. ती पणती वळते चरबीमुळे. पोटाकडच्या कच्च्या पोर्कमध्ये 100 ग्रॅमला साधारण 50 ग्रॅम चरबी नि जेमतेम 9 ग्रॅम प्रोटीन असतं. पाठीच्या चरबी काढलेल्या मांसात प्रोटीन 20 ग्रॅमच्या वर. शिवाय पोर्कइतकं बी1 चिकन-मटणात मिळत नाही. म्हणून छिंगज्याव रौस मागवा: ढोबळीसारख्या हिरव्या मिरच्या आणि पोर्कच्या बारीक सळ्या. मिरच्या दोनच मिनिटं आचेवर असतात, त्यामुळे सी व्हिटॅमिन बरंच टिकतं.

बीपीसाठी खरी काळजी मिठाची. एक मोठा चमचा सोया सॉस म्हणजे सुमारे 900 मिलिग्रॅम सोडियम, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा 2000 आहे. हुईग्वोरौतलं मिरचीचं मुरवलेलं वाटण, तौबानज्यांग, तेही खूप खारट. ऑर्डर देताना 'शाव येन' म्हणा, म्हणजे मीठ कमी.

पूर्वी_शांघायला:
घरीच करा, मीठ आपल्या हातात राहतं. मांस अर्धवट गोठलेलं असताना कापलं की सळ्या एकसारख्या निघतात. थोडा सोया सॉस, शाओशिंग वाईन (तांदळाची चिनी दारू), चमचाभर पाणी, शेवटी कॉर्नफ्लोअर चोळून पंधरा मिनिटं ठेवा. ते आवरण रस धरून ठेवतं, मांस चिवट होत नाही. मांस पांढरं झालं की बाहेर काढा, मिरच्या वेगळ्या परता, मग सगळं एकत्र करून मांस पूर्ण शिजेपर्यंत हलवा. सगळं एकदम घातलंत तर पाणी सुटतं आणि भाजी लिबलिबीत होते. हे मी वर्षभर चुकत होते.

चेंगदूकर_सई:
दोघींचे मनापासून आभार! काल केलं. मिरच्या कुरकुरीत राहिल्या, ह्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला. पण हुईग्वोरौ अगदी बंद करवत नाही हो.

रानजाई:
बंद कशाला? आठवड्यातून एकदा, दोघांत एकच प्लेट, आणि लसणाची पात दुप्पट घालायला सांगा. ह्यांच्या डॉक्टरांनाही विचारून ठेवा.