आत्याच्याच घरी दिलं, पहिलं बाळ गेलं. ‘चारांत एक’ म्हणजे नेमकं काय?

खानापूरची सून
आमचं आते-मामे लग्न. सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. बाळ सहा महिन्यांचं झालं तरी मान धरेना. पाय फाकून तसेच पडलेले, रडणंसुद्धा बारीक. बेळगावात रक्त तपासलं, एसएमए टाइप १ निघालं, म्हणजे स्नायू लुळे पडत जाणारा जन्मजात आजार. दहाव्या महिन्यात गेलं. डॉक्टरांनी कन्नडात समजावलं, माझं कन्नड बाजारापुरतं. ‘चारांत एक’ एवढंच कळलं. आत्या म्हणते, एक झालं, आता पुढची तीन धडधाकट होतील. चिडली की म्हणते, हे तुझ्या माहेराकडनं आलंय. खरं काय?

टिळकवाडीचे काका
लॅबमध्ये आयुष्य गेलं माझं, म्हणून लिहितो. पोरी, तुझं माहेर ते आत्याचंही माहेरच की! जीन म्हणजे शरीर कसं घडवायचं याची सूचना, तिची एक प्रत आईकडनं येते, एक बापाकडनं. बहुधा तुझ्या आजी नाहीतर आजोबांकडं एसएमएन१ या जीनची एक प्रत बिघडलेली होती. ती तुझ्या बाबांत आली, आत्यातही आली, तिथनं तुम्हा दोघांत. दुसरी प्रत चांगली असली की माणसाला काही होत नाही, त्यामुळं कुणाला पत्ताच नाही. बाळाला दोन्हीकडनं बिघडलेलीच मिळाली. दोष कुणाचाच नाही.

आता चारांत एक. चिंचोका फोडून दोन फाका घे, चौसर खेळायला घेतो तशा. काळी बाजू चांगली, पांढरी बिघडलेली. एक फाक तुझी, एक नवऱ्याची. दोन्ही पांढऱ्या पडल्या तर आजार. एक काळी एक पांढरी, तर तुमच्यासारखंच वाहक. दोन्ही काळ्या, तर काहीच नाही. दर खेपेला दान नवं. मागचं दान चिंचोक्याच्या लक्षात राहत नाही!

दिवस राहायच्या आधी दोघांचं रक्त तपासा, बाळाचा रिपोर्ट जपून ठेवा. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा तुकडा काढून पोटातल्या बाळाचं कळतं, पंधराव्यानंतर गर्भजल काढून.

उचगावकर
पण गोत्र वेगळं असतं की हो आते-मामेभावंडांचं?

टिळकवाडीचे काका
गोत्र बापाकडनं चालतं. जीन आजीकडनंही येतो.

निपाणीची आई
आमचंही पहिलं असंच गेलं, आणि आमचं तर नात्यातलंही नव्हतं. दुसऱ्या वेळी बाराव्या आठवड्यात वार तपासली. रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाला गोड बातमी सांगितली नाही. मुलगी वाहक निघाली. आता चार वर्षांची आहे, कोंबड्यांमागं पळते.

खानापूरची सून
काल आत्याला चिंचोके टाकायला लावले. लागोपाठ दोनदा दोन्ही पांढऱ्या पडल्या. फाका तिनंच उचलून डब्यात ठेवल्या, काही बोलली नाही. काका, अजून एक. धाकट्या दिरासाठी माझ्या बहिणीचं बघायचं चाललंय. त्यांचंही रक्त तपासायचं का?

टिळकवाडीचे काका
दोघांचंही. सुपारी फुटायच्या आधी.